कुणाचं, एवढंच विचारलं

कालव्याला पाणी सुटले की आमच्या गावातली शेवटच्या वस्तीची माणसे भाकरी बांधून घेत आणि कालव्याच्या कडेने वरच्या अंगाला चालू लागत. ठरलेल्या जागा होत्या. कुणी बाभळीखाली, कुणी पुलाच्या कठड्यावर. हातात काठी असे, पण ती मारायला नव्हे, नुसती दिसायला. शेजपाळीचा, म्हणजे पाळीपाळीने पाणी देण्याचा, नियम असा की पाणी आधी शेवटाला द्यायचे आणि मग एकेक दार मागे सरकत तलावाकडे यायचे. नियम चांगलाच होता. पण शेवटाला जाणारे पाणी वाटेतल्या सगळ्यांच्या बांधावरून जाते, आणि रात्रीतून कुणी एक दार चार बोटे उचलले तर खाली टेलला फक्त ओल पोचते. म्हणून ही राखण.

टेल म्हणजे कालव्याचे शेपूट. तिथली बहुतेक शेते बौद्ध कुटुंबांची. राखणीला बसलेल्या माणसाला मधल्या गावातले लोक जाता-येता टोमणे मारीत. "बसलं का ठाणं?" "जयभीम, फौजदार! आज कुनाला आत टाकताय?" ती माणसे हसून घेत. हसण्याशिवाय काही करता येत नव्हते, कारण बसायचे होते ते दुसऱ्याच्या बांधावर.

हे सगळे मी लहानपणापासून पाहिले होते, पण लांबून. आमची जमीन कालव्याच्या बाहेर, कोरडवाहू. त्या पाण्यात माझा वाटा कधीच नव्हता. मी पुढे शिकलो आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे नगरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवू लागलो. मिरजगावच्या पुढे, आडबाजूला असलेल्या त्या लहान तलावाची त्याच सुमारास शेतकऱ्यांनी पाणीवापर सोसायटी केली.

आमच्या विभागात माझा एक मित्र होता. हॉस्टेलपासूनचा. एकाच डब्यात जेवलो, एकाच स्कूटरवर नगरभर फिरलो, एकमेकांच्या परीक्षांच्या फीसुद्धा भरल्या. तो त्याच कालव्यावरच्या मधल्या गावचा. मला तो कधी नावाने हाक मारत नसे, "मास्तर" म्हणे. आम्ही दोघे तेव्हा परदेशातल्या विद्यापीठांत चाललेल्या एका नव्या विचाराने झपाटलेलो होतो. एरवी कॉम्प्युटरच्या जाळ्यातली मधली यंत्रे पोस्टमनसारखी असतात. पाकिटावरचा पत्ता बघायचा, पाकीट पुढे द्यायचे, आत काय आहे ते उघडायचे नाही. नवा विचार असा होता की पाकिटातच एक छोटासा प्रोग्राम ठेवायचा, आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्राने तो चालवायचा. मग जाळे नुसते निरोप वाहणार नाही, वाटेत विचारही करील. जाळ्याला नवे काही शिकवायचे असेल तर यंत्रापर्यंत माणूस पाठवायला नको. प्रोग्राम स्वतःच तिथे चालत जाईल.

कॉलेजच्या लॅबमध्ये हे खेळण्यासारखे चालत होते. एकदा चहा पिताना मित्रच म्हणाला, "मास्तर, आपला कालवा काय वेगळा आहे? पाणी वरून खाली, निरोप खालून वर."

त्याच्या तोंडून ते निघाले, हे मला अजून आठवते. मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारले की तेव्हाच त्याच्या मनात काही होते का. नव्हते, याची मला खात्री आहे. त्यामुळेच पुढचे जास्त टोचते.

कॉलेजने मोडीत काढलेली तीन यंत्रे आम्ही मागून घेतली. एक तलावावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या खोलीत, एक मधल्या गावच्या दूध डेअरीत, एक टेलला शाळेच्या खोलीत. तिन्हीकडे फोन होता, पण तलावावरून टेलला थेट फोन क्वचितच लागे. टेलवरून डेअरीला लागे, डेअरीवरून तलावाला लागे. म्हणून निरोप टप्प्याटप्प्याने जायचा. टेलच्या माणसाने पाटात रोवलेली पट्टी बघायची, पाण्याचा आकडा यंत्रात घालायचा. तो आकडा एका छोट्या प्रोग्रामाबरोबर डेअरीत जाई. तिथले यंत्र तो प्रोग्राम चालवून वाटेतली गळती काढी आणि पुढे पाठवी. तलावावर पाटकऱ्याला पडद्यावर दिसे की टेलला आत्ता किती पाणी पोचतेय आणि त्यांचा वाटा पुरा झाला की नाही. वाटा पुरा झाला की पाळी मागे सरके. कुणी मध्ये दार उचलले तर आकड्यांतून ते लगेच कळे. सोसायटीने नियम बदलला तर आम्ही नगरहून नवा प्रोग्राम सोडायचो. फ्लॉपी खिशात घालून एसटीने तीन गावे हिंडायचे कारण उरले नव्हते.

एक गोष्ट ठरवायची राहिली होती. बाहेरून आलेला प्रोग्राम यंत्राने चालवायचा, तर तो भला की बुरा हे कसे कळणार?

मित्राचे म्हणणे होते की तो काय करणार आहे हेही यंत्राने तपासावे. मी म्हणालो, "या जुन्या डब्यांना ते झेपणार नाही. आणि एवढं कशाला? गावात नवा माणूस आला की आपण काय विचारतो? कुणाचा रे तू? अमक्याचा पाहुणा म्हटलं की संपलं. त्याची पिशवी कोणी उघडत नाही."

"आणि पाहुणाच चोर निघाला तर?"

"ज्याचा पाहुणा, त्याला धरायचं."

तो हसला. "बरं. तुझंच नाव लावू या."

अशी माझ्या नावाची खूण ठरली. ज्या प्रोग्रामावर ती खूण असेल तो यंत्राने बिनबोभाट चालवायचा. खूण म्हणजे एक गुप्त शब्द होता. तो मला एकट्यालाच ठाऊक असायचा. पण वडिलांना दवाखान्यात ठेवले होते त्या आठवड्यात मी तो मित्राला सांगितला. दवाखान्याच्या जिन्यात, घाईघाईने, कागदावरसुद्धा न लिहिता. काही अडले तर त्याला सोडवता यावे म्हणून. सांगताना मला क्षणभरही काही वाटले नाही, आणि वडील बरे झाल्यावर तो शब्द बदलायचे मी मनातही आणले नाही.

टेलची माणसे मात्र यंत्राला तयार नव्हती. त्यांचे म्हणणे सरळ होते. माणूस बसलेला दिसतो, यंत्र दिसत नाही. तेव्हा गुरुजी मध्ये पडले. गुरुजींनी मला चौथीपर्यंत शिकवले होते. निवृत्त झाल्यावर ते वडिलांच्या तुकड्यावर शेती करीत. त्यांचे दार कालव्यावरचे अगदी शेवटचे. त्यांच्या पलीकडे कालवाच नव्हता. समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक झाली. एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, पोरगं तुमच्या हाताखालचं हाय म्हून काय झालं? त्याला ह्या पान्यात इंचभर वाटा हाय का? ज्याचं भिजत न्हाई त्याला काय त्याचं?"

"म्हणूनच," गुरुजी म्हणाले. "ज्याला वाटा नाही तो कशाला चोरील? मी जामीन राहतो त्याचा. या पाळीपासून राखण बंद. किती वर्षं आपण लोकांच्या बांधावर बसून टोमणे खायचे?"

म्हाताऱ्याने तंबाखू मळली आणि तो उठून गेला. त्या पाळीला कालव्यावर कोणी बसले नाही. मला त्या दिवशी झालेला आनंद लिहायलाही लाज वाटते. पाणी मिळाले म्हणून आनंद झाला असता तर गोष्ट वेगळी. मला आनंद झाला होता तो माझ्या जाळ्याने माणसे उठवली, याचा.

ती पाळी नीट गेली. पुढची रब्बीची. गहू पोटरीला आलेला, हरभरा घाट्यात. टेलला आकडे घालायचे काम गुरुजींच्या सुनेकडे होते. बारावी झालेली, कामाला चोख. भर दुपारी तिचा कॉलेजात फोन आला.

"सर, तलावावरनं सांगत्यात तुमची पाळी संपली. आमच्या निम्म्या वावरालाबी पाणी गेलं न्हाई."

"वाटा पुरा झाला असेल."

"कसा व्हईल? सकाळधरनं पट्टीवर सातच हाय. मी सातच टाकलंय."

मी तलावावर फोन लावला. पाटकरी म्हणाला, "सर, पडद्यावर अकरा दावतंय की. सकाळपासनं अकरा."

मी तिला पुन्हा फोन केला आणि म्हणालो, "तुमच्या हातून चूक होतेय. नीट बघून घालत जा."

ती म्हणाली, "मामंजींना देऊ का फोन?" मी नको म्हणालो. माझ्या जाळ्यावर संशय घेण्याआधी मी त्या बाईवर घेतला. ही गोष्ट मी मित्राच्या पापात मिसळून टाकू शकत नाही. ती माझी एकट्याची आहे.

संध्याकाळपर्यंत मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी मधल्या गावी उतरलो आणि डेअरीत गेलो. डेअरीवाल्याने ओळखीने चहा मागवला. "काय सर, आज इकडं? तुमचे दोस्त परवाच येऊन गेले घरी. बहिणीचं जमलं ना त्यांच्या!" मी यंत्रापुढे बसलो. त्यात आमचा एकच प्रोग्राम असायला हवा होता. दोन होते.

दुसरा अगदी लहान होता. टेलची पाळी चालू असताना टेलकडून आकडा आला की तो वाढवायचा, मग पुढे जाऊ द्यायचा. पाळी संपली की त्या रात्री स्वतःला पुसून टाकायचे. पण रात्री डेअरीची वीज गेली होती, त्यामुळे पुसायचे राहून गेले होते. चहा निवून गेला तरी मी त्या चार-सहा ओळी वाचत होतो. त्यावर खूण होती. माझी. यंत्राने विचारले असणार, कुणाचा? आणि त्याला उत्तर मिळाले असणार, माझा.

लिहिणाऱ्याचे नाव कुठेच नव्हते. पण सुरुवातीला एक ओळ रिकामी सोडलेली होती. मित्र नेहमी तशी सोडायचा. मी कितीदा त्यावरून त्याची थट्टा केली होती.

नगरला परतलो ते तडक त्याच्या घरी. तो ओसरीवर लग्नपत्रिकांच्या घड्या करत बसला होता. माझा चेहरा बघून त्याने बायकोला चहा सांगितला आणि मला गच्चीवर नेले. मी विचारण्याआधीच म्हणाला, "डेअरीत गेला होतास ना?"

"का केलंस?"

"गावानं आईला सांगितलं, तुमचा पोरगा टेलवाल्यांच्या दावणीला बांधलाय. लेकीच्या लग्नाला मांडवात कोणी पाय ठेवणार नाही. तू काय केलं असतंस?"

"मला सांगितलं असतं."

"तुला सांगून तू काय केलं असतंस, मास्तर? भाषण?"

"आणि खूण माझी?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही अडाण्यासारखे विचारले. "दुसऱ्या कुणाची चालली असती का? मी मधल्या गावचा. माझ्या नावावर पहिला संशय आला असता. तुझ्यावर कोण घेणार?" मग आवाज उतरवून म्हणाला, "एकाच पाळीपुरतं होतं रे. ते आपोआप पुसलं जाणार होतं."

मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. द्यायला हव्या होत्या. मी फक्त म्हणालो की रविवारी सोसायटीची सभा आहे, तिथे तू स्वतः उठून सांग. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सांगतो. लग्न होऊ दे असं म्हणणार नाही. सांगतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मी त्या पाण्यावर विश्वास ठेवला, चहा घेतला आणि घरी आलो.

सभा तलावाजवळच्या मारुतीच्या पारावर भरली. टेलची माणसे एका बाजूला, मधल्या गावची दुसऱ्या. गुरुजी टेलकडच्या पहिल्या रांगेत. मी उभा राहून काय घडले ते सगळे सांगितले. यंत्र काय करते, वाढीव आकडा कुठे तयार झाला, गुरुजींच्या सुनेची काहीही चूक नव्हती. अध्यक्षांनी ऐकून घेतले आणि विचारले, "त्या परोग्रामवर नाव कुनाचं हाय?"

"माझं."

"मग?"

मी मित्राकडे पाहिले. तो शेवटी लिंबाला टेकून उभा होता. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तो पुढे आला, हात बांधून, वर्गात उभे राहतात तसा. म्हणाला, "मला त्यातलं फारसं ठाऊक नाही. खूण सरांच्याकडे असते."

सर. सोळा वर्षांच्या मैत्रीत त्याने मला पहिल्यांदाच सर म्हटले.

मी ओरडलो. "याने केलंय! याला मी शब्द सांगितला होता!" आणि ओरडताना मलाच ऐकू आले की ते किती खोटे वाटतेय. मधल्या गावाकडून हसू फुटले. कोणी म्हणाले, "आता ढकला एकमेकावर! शिकल्याली मान्सं!" दुसरा म्हणाला, "शब्द दिला तर आपन का दिला म्हनावं!"

मी गुरुजींकडे वळलो. त्यांना मी आदल्याच दिवशी घरी जाऊन सगळे सांगितले होते. त्या लहान प्रोग्रामापासून गच्चीवरच्या वचनापर्यंत. त्यांनी तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. आता ते उठले, तेव्हा मला वाटले, सुटलो.

गुरुजी माझ्याकडे न बघता आपल्या माणसांकडे तोंड करून बोलले. "मी यांना जामीन राहिलो होतो. ती जामीनकी मी आज मागं घेतो. उद्यापासून राखण सुरू. पहिला मी बसेन." आणि ते खाली बसले. आमच्या शाळेत चुकलेल्या मुलाचे नावसुद्धा चारचौघांत न घेणारा हा माणूस.

सभा पांगल्यावर मी त्यांना कालव्याच्या रस्त्यावर गाठले. ते भरभर चालत होते. मी म्हणालो, "तुम्हाला तर खरं माहीत होतं, गुरुजी."

"माहीत होतं."

"मग एक वाक्य का नाही बोललात?"

ते थांबले. धाप लागली होती. "काय बोलू? चोर हा नाही, याचा दोस्त आहे? अरे, त्या म्हाताऱ्याचा गहू वाळला. त्याला ह्या दोन्हीत फरक काय? तो मला म्हणेल, गुरुजी, तुमी आजूनबी त्याच्याच बाजूनं. उद्या माझ्या शब्दावर त्यातला एकजण काठी घेऊन उठणार नाही. मला त्यांना उठवायचं होतं."

"आणि मी?"

"तू नगरला जाशील," ते म्हणाले. रागाने नव्हे. जसे आहे तसे सांगावे, तसे. "तुझी नोकरी आहे, लॅब आहे. आम्ही पाण्याशेजारी राहणार."

मी म्हणालो की मीही राखणीला बसतो, रजा काढतो, एक जागा मला द्या. त्यांनी मान हलवली. "नको बाबा. लोक मला विचारतील, हा कुणाचा म्हणून बसलाय. मी काय सांगू?"

ते पुढे निघाले. मी तिथेच उभा राहिलो. मित्राने फसवले त्याचे मला दुःख होते, पण ते कळणारे होते. त्याच्यामागे गाव होते, आई होती, मांडव होता. गुरुजींनी खरे माहीत असून मला सोडले, हे मात्र मी आजही गिळू शकलेलो नाही. आणि तेव्हाही कळत होते की त्यांना तिथे उभे मीच केले होते. माझ्या शब्दावर त्यांनी आपल्या माणसांना बांधावरून उठवले, आणि तो शब्द मी एका जिन्यात दुसऱ्याच्या हाती दिला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी कमी होत नाही. मी करून पाहिले आहे.

मित्राच्या बहिणीचे लग्न थाटात झाले, असे ऐकले. वर्षाच्या आत तो पुण्याला एका कंपनीत गेला आणि तिथून परदेशी. कॉलेजात निरोपसमारंभ झाला, त्या दिवशी मी रजेवर होतो.

सुट्टीत मी लॅबमध्ये बसून सगळे नव्याने लिहिले. आता यंत्र आलेल्या प्रोग्रामाला कुणाचा हे विचारून थांबत नव्हते. कशासाठी आलास, कशाला हात लावणार, किती वेळ राहणार, हे सगळे विचारत होते. दुसऱ्याचा आकडा बदलू पाहणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवी. जुन्या डब्यांना हे झेपणार नाही असे मी म्हणालो होतो. झेपले. थोडे सावकाश, पण झेपले. दाखवायला बोलवावे असे कोणी उरले नव्हते. सोसायटीने तिन्ही यंत्रे टेम्पोत घालून कॉलेजच्या फाटकाशी उतरवून दिली होती, बरोबर माणूस न पाठवता.

उन्हाळी पाळीनंतर तालुक्याला काम होते, तेव्हा कर्जतच्या एसटी स्टँडवर मला ती सून भेटली. कडेवर मूल होते. मी नजर चुकवणार होतो, पण तीच पुढे आली. मी पहिल्यांदा तिची माफी मागितली, फोनवर तिची चूक काढली होती त्याबद्दल. ती म्हणाली, "जाऊ द्या, सर. म्या तवाच मामंजींना म्हनलं हुतं, सरांचा आपल्या मशीनवर लई जीव हाय."

मी विचारले, पाणी कसे झाले या वेळी.

"शेवटच्या दारापत्तुर आलं," ती म्हणाली. "मामंजी बसले हुते सगळे दिवस. आमच्याबी वावरात आलं. भुईमूग बरा हाय." तिची गाडी लागली. मुलाला सावरत ती चढली.

पाणी पोचले होते. मला हवे होते तेच झाले होते, आणि त्यासाठी माझी गरज पडली नव्हती. मिरजगावची गाडी समोर उभी होती. घरी आईकडे जायचे म्हणून मी निघालो होतो. मी ती जाऊ दिली आणि नगरच्या गाडीत बसलो.